‘तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे’

काका, नमस्कार.
देवगड तालुक्यात समुद्राकडच्या एका वाडीत आमचं घर आणि थोडी कलमं आहेत. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना मी थेट पेट्या पाठवते, शिवाय दोन खोल्या पर्यटकांना देते. सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर. यंदा ऐन एप्रिलात मोबाइलची रेंज चार दिवस गेली आणि घरातलं फायबर नऊ दिवस बंद होतं. दर वेळी तक्रार केली, दर वेळी ‘तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज आला. तोही सड्यावर चढल्यावर मिळाला. एका गिऱ्हाइकाने ॲडव्हान्स दिला होता. त्याला उत्तर मिळेना, म्हणून त्याने सोसायटीच्या ग्रुपवर माझं नाव घालून ‘फ्रॉड’ लिहिलं. त्या दिवशी कस्टमर केअरच्या मुलीला मी नको नको ते बोलले. ती काहीच बोलली नाही, तेव्हापासून मला चैन नाही. लाईनमन आमच्याच गावातला, त्याच्याशीही बोलणं टाकलंय. आता वाडीतले मुलगे टॉवरला टाळं ठोकायचं म्हणतायत. मीही जाऊ का? घरचे म्हणतात सरळ पोर्ट कर. भरपाई मिळते असंही ऐकलं, ते खरं का?
– एक आंबेवाली

ताई,

टाळ्याचं आधी सांगतो, कारण ते उद्यावर ढकलण्यासारखं नाही. तुम्ही जाऊ नका आणि मुलग्यांनाही थांबवा. लाईट गेली की टॉवर आधी बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर. त्यात डिझेल घालायला येणारा माणूस तुमच्या टाळ्यासमोर उभा राहणार आणि दोन तासांत येणारी रेंज दोन दिवस येणार नाही. शिवाय टॉवर बहुधा मोबाइल कंपनीचा नसतोच. उभारणारी कंपनी वेगळी, आणि त्यावर अँटेना लावून भाडं भरणाऱ्या दोन-तीन कंपन्या वेगळ्या. ज्या कंपनीवर राग आहे तिच्याबरोबर शेजारणीची धडधाकट रेंजही बंद पडेल, आणि मग वाडी तुमच्यावर उठेल. वर पोलीस ठाण्यात पोरांची नावं लागतील. त्यातल्या कुणाला बोटीवर नोकरीला जायचं असेल, तर त्याच्या पासपोर्टच्या चौकशीत ते नाव आडवं येईल. टॉवर बसवणाऱ्या साहेबाचं यात काहीही जाणार नाही.

मुलग्यांच्या अंगात एवढा उत्साह आहे तर तो १ मेच्या ग्रामसभेत वापरा. तक्रारीचा ठराव तिथे मांडा. पण नुसत्या ठरावाला कंपनी भीक घालत नाही, हेही ध्यानात ठेवा. ठरावाला जोडून वाडीतल्या प्रत्येक घराने आपापल्या नंबरवरून वेगळी तक्रार नोंदवायची आणि प्रत्येकाचा तक्रार क्रमांक ठरावाखाली लिहायचा. चाळीस घरांचा एकच अर्ज कंपनीच्या हिशेबात एक तक्रार ठरतो. चाळीस नंबरांवरून गेलेल्या तक्रारी चाळीस मोजल्या जातात, आणि त्यांचा हिशेब कंपनीला वर द्यावा लागतो.

रेंज जाते कशाने, हे थोडं समजून घ्या. त्याशिवाय पोर्ट करायचं की नाही ते ठरणार नाही. फोनवरच्या काड्या एवढंच सांगतात की तुमचा फोन आणि टॉवर यांचं बरं चाललंय. टॉवरकडून कणकवलीकडे आणि तिथून बाहेर जाणारी वाट तुंबली असेल, तर काड्या पूर्ण दिसतात आणि नेट चालत नाही. नळ चकचकीत, टाकी कोरडी. मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक एकदम उतरले की संध्याकाळी हे हमखास होतं. वाट तुंबली नसून तुटलीच असेल, तर टॉवरच मुका होतो. तुमचे चार दिवस बहुधा या दुसऱ्या प्रकारातले. आपल्याकडे बऱ्याच वाड्यांना एकच केबल येते, आणि ती तुटली तर माघारी फिरून यायला दुसरा मार्ग नसतो. महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून जेसीबीच्या दाताखाली किती केबली गेल्या त्याची गणती नाही. खोदण्याआधी केबलच्या मालकाला कळवता यावं म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲपही काढलं. आमच्या भागातल्या एकाही जेसीबीवाल्याच्या फोनवर मी ते अजून पाहिलेलं नाही.

आता भरपाई. ऐकलंत ते खरं आहे, पण ते तुमच्या मापाने शिवलेलं नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या नियामकाने, ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले आणि त्यातला भरपाईचा भाग १ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. मोबाइलसाठी नियम असा, की जिल्हा पातळीवर मोठा खंड पडला आणि तो २४ तासांपेक्षा जास्त चालला, तर पोस्टपेडवाल्याला तेवढ्या दिवसांचं भाडं पुढच्या बिलात वजा करून मिळतं आणि प्रीपेडवाल्याची मुदत तेवढे दिवस वाढते. एका दिवसात १२ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर तो पूर्ण दिवस धरतात. वाचायला झकास. पण ‘जिल्हा’ हा शब्द नीट बघा. तुमच्या वाडीवरचा एक टॉवर चार दिवस काय, चौदा दिवस मेला तरी सिंधुदुर्ग जिल्हा कागदावर चालूच असतो. आणि नैसर्गिक आपत्ती यातून वगळलेली आहे. म्हणजे २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगत गेलं तेव्हा हा नियम असता, तरी त्या अंधाराचा एक पैसा कुणाला मिळाला नसता. कोकणात मोबाइल जातो तो एकेका वाडीचा, नाहीतर वादळात सगळ्यांचा, आणि नियमात दोन्हीला जागा नाही. माझ्या मते हा नियम शहराकडे तोंड करून लिहिलेला आहे. जिल्ह्याऐवजी गाव धरायला हवं होतं.

फायबरचं मात्र वेगळं आहे, आणि तुमचा हात तिथे बळकट आहे. घरात वायरने येणाऱ्या सेवेतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर भाड्यात सूट द्यावी लागते. इथे जिल्ह्याची अट नाही. तुमचे तर नऊ दिवस. प्लॅन महिना सहाशेचा असेल तर दिवसाला वीस रुपये पडतात. मिळून मिळून किती मिळणार? एप्रिलात त्यात डझनभर हापूसही येत नाही. तरी मागा. हट्टाने, लेखी मागा. ती सूट बिलात दिसली की लाईन बंद होती हे कंपनीने स्वतःच्या कागदावर कबूल केलं. ‘निकाली काढली’ म्हणणाऱ्या त्या सगळ्या मेसेजांना तो एक कागद खोटं पाडतो. पुढे कुठेही गेलात तरी तुमच्या पिशवीत पहिला पुरावा तोच असेल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की तुम्ही इतक्या वेळा फोन केलात पण एकही तक्रार क्रमांक कळवला नाहीत. तक्रार केली की डॉकेट नंबर द्यावाच लागतो. तो एका वहीत लिहा, शेजारी तारीख आणि वेळ टाका. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. केबलमधून प्रकाश येईनासा झाला की तो लाल होतो. त्याचा रोज सकाळी एक फोटो काढा, फोनमध्ये फोटोसोबत तारीख आपोआप नोंदली जाते. काही कंपन्या दुरुस्तीनंतर ग्राहकाकडून ओटीपी मागतात आणि तो दिला की तक्रार बंद होते. नेट स्वतः चालवून बघेपर्यंत तो द्यायचा नाही, मग समोरचा कितीही गयावया करू दे. आणि काम न होता ‘निकाली’चा मेसेज आला तर पुन्हा पहिल्यापासून तक्रार करत बसू नका. बहुतेकजण इथेच दमतात. नव्या तक्रारीने दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात आणि कंपनीला तेच हवं असतं. तिथून पुढची पायरी चढायची.

पुढची पायरी कंपनीतच असते. तिला अपेलेट अथॉरिटी म्हणतात. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला ती ठेवावी लागते. अपिलाला पैसे पडत नाहीत. तक्रारीचं उत्तर पटलं नाही किंवा वेळेत आलंच नाही, तर ३० दिवसांच्या आत अपील करायचं आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. त्यांच्या सल्लागार समितीत एक माणूस ग्राहक संघटनेचाही असतो. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो, ट्रायच्या पोर्टलवरही असतो. अर्जात कहाणी नको. ग्राहक क्रमांक, डॉकेट नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बंद, दिव्याचे फोटो, आणि मागणी काय ते. एका पानात बसवा. मराठीत लिहिलंत तरी हरकत नाही. ट्रायला थेट पत्र लिहू नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार टाकता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. माझा कल आधी अपील, मग हे दोन्ही असा आहे. अपिलाचा क्रमांक हातात असला की पुढचा माणूस ‘आधी कंपनीकडे गेला होतात का’ हे विचारून परत पाठवू शकत नाही.

त्याच्याही पुढे ओरोसला जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाइल कंपन्या बरीच वर्षं तिथे एकच पालुपद लावायच्या, की टेलिग्राफ कायद्यामुळे आमचं भांडण लवादाकडे, ग्राहक आयोगाकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला ती पळवाट बंद केली. दुसरं पालुपद असं येईल, की तुम्ही सेवा धंद्यासाठी वापरता, म्हणून ग्राहक नाही. घाबरू नका. पोट भरण्यासाठी स्वतः राबून केलेला व्यवसाय कायदा असा ‘धंदा’ धरत नाही, आणि तुम्ही स्वतः अढी लावता, स्वतः पेट्या भरता. पाच लाखांपर्यंतच्या सेवेच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि कंपनीचं ऑफिस कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. पण आयोगाकडून गेलेल्या सगळ्या ऑर्डरी भरून मिळतील ही आशा धरू नका. रद्द झालेल्या ऑर्डरचा मेसेज, परत केलेल्या ॲडव्हान्सची नोंद, असं प्रत्येकाचं कागदपत्र लागेल. मुदत दोन वर्षांची आहे. आंबा उतरू दे, पाऊस लागू दे, मग शांतपणे ठरवा.

तोवर एक जपा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधलाच घ्या. समाजमाध्यमावर तक्रार टाकताना स्वतःचा नंबर टाकू नका. तो टाकला की तासाभरात गोड आवाजाचा फोन येतो आणि स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगतो. त्याच्या नादी लागून पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. रेंज वाढवणारा बूस्टर घेऊन कुणी दारात आला तर त्यालाही वाटेला लावा. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदेशीर आहे, आणि तो आजूबाजूच्या सगळ्यांची रेंज नासवतो.

पोर्ट करायला माझी ना नाही, पण हंगामात नको. पोर्ट होताना काही तास सिम मुकं होतं, बँकेचे ओटीपी अडकतात, आणि नव्या कंपनीत गेल्यावर ९० दिवस तिथेच राहावं लागतं. आवडली नाही म्हणून आठवड्याने परत फिरता येत नाही. त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचं एक प्रीपेड सिम आत्ताच घ्या आणि फोनच्या दुसऱ्या खाचेत घाला. ते अंगणात, अढीच्या खोलीत आणि पर्यटकांच्या खोलीत वापरून बघा. संध्याकाळी बघा, आणि मुख्य म्हणजे लाईट गेल्यावर बघा. कुठल्या कंपनीची कुठली सेवा कुठे पोचते याचे नकाशे आता कंपन्यांना वेबसाइटवर लावावे लागतात. पण नकाशावर तुमची घाटी सपाट असते, आणि डोंगराच्या कुशीतल्या घराला तो फारसा उपयोगी नाही. सिम पसंत पडलं तर जूनमध्ये १९०० वर पोर्टचा मेसेज पाठवा.

इथे एक मेख आहे. दोन्ही कंपन्यांच्या अँटेना एकाच टॉवरवर असतील, किंवा दोघींची केबल एकाच चरातून येत असेल, तर दुसरं सिम पहिल्याबरोबरच मरेल. हे कुठल्याही वेबसाइटवर कळत नाही, पण तुमच्या गावातल्या त्या लाईनमनला पक्कं ठाऊक असतं. आणि त्याच्याशीच तुम्ही बोलत नाही.

त्याचं जरा बघा. तो कंपनीच्या पगारावर असण्याचा संभव कमीच, बहुधा ठेकेदाराकडे असेल. फायबर जोडायचं मशीन महाग असतं, ते दोन-तीन तालुक्यांत फिरत राहतं. मशीन येईपर्यंत तो पोरगा हात चोळत बसतो आणि रस्त्यात भेटेल तो विचारतो, ‘नेट इला काय रे?’ तुमची तक्रार ‘निकाली’ काढणारा तो नव्हे. तो मेसेज कुठल्यातरी ऑफिसातून सुटतो, मुदत उलटू नये म्हणून. तेव्हा त्याला हाक मारा, चहा द्या, आणि विचारा की आपली केबल कुठून येते, दुसऱ्या कंपनीची कुठून येते, आणि गेल्या वेळी तुटली ती नेमकी कुठे. ती जागा कळली तर अपिलात लिहा. ‘अमुक पुलाजवळ केबल तुटून इतके दिवस जोडली नाही’ हे वाक्य ‘सेवा अत्यंत वाईट आहे’ यापेक्षा फार जड असतं. त्याचं नाव मात्र अर्जात घालू नका.

कस्टमर केअरच्या मुलीला तुम्ही पुन्हा गाठू शकणार नाही, तेव्हा तो विषय सोडा. तिच्यासमोरच्या पडद्यावर तुमचा टॉवर दिसतही नसतो, दिसतात त्या ठरवून दिलेल्या चार ओळी. तुम्ही ओरडलात काय आणि रडलात काय, तिला टाइप करायला तेच रकाने असतात. पुढच्या फोनला फक्त इतकंच: ‘अमुक तारखेपासून बंद आहे. तक्रार नोंदवा, डॉकेट नंबर सांगा.’ नंबर मिळाला की फोन ठेवायचा.

राहिलं गिऱ्हाईक, आणि मला वाटतं तुमची झोप उडाली आहे ती खरी त्या ‘फ्रॉड’ शब्दाने. व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनला किंवा कॉम्प्युटरला जोडता येतं. एकदा जोडलं की तुमच्या फोनला रेंज नसली तरी तिकडे मेसेज येत-जात राहतात, फक्त चौदा दिवसांत एकदा तरी तुमचा फोन ऑनलाइन यायला हवा. पुण्या-मुंबईत कुणी विश्वासाचं असेल, भाऊ, नणंद, भाची, तर त्यांच्याकडे ते जोडून ठेवा. वाडी अंधारात गेली की त्यांनी गिऱ्हाइकांना एवढंच कळवायचं की रेंज गेली आहे, पेट्या ठरल्या दिवशी निघतील. ऑर्डरची वही तुमच्याकडे आणि तिचा फोटो दर दोन दिवसांनी त्यांच्याकडे. ॲडव्हान्स घेताना पहिल्याच मेसेजमध्ये त्या नातेवाइकाचा नंबरही द्या, म्हणजे माणूस घाबरला की फोन करायला एक जागा असते. मेसेज जात नसले तरी साधा एसएमएस कधी कधी निघून जातो, तोही करून बघत जा.

आणि त्या गिऱ्हाइकाला आजच लिहा. रडगाणं नको, कंपनीला शिव्याही नकोत, त्याला त्यात रस नाही. असं काहीतरी: ‘दादा, एप्रिलमध्ये आमच्या वाडीची मोबाइल आणि इंटरनेट दोन्ही सेवा बंद होती, त्यामुळे तुम्हाला उत्तर गेलं नाही. कंपनीकडच्या तक्रारीचे क्रमांक सोबत पाठवते. तुमचा ॲडव्हान्स परत हवा असेल तर आज पाठवते. आंबे हवे असतील तर या शनिवारच्या गाडीने पेटी निघेल, पावतीचा फोटो पाठवीन. पेटी मिळाली की कृपया सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाका.’ शनिवारची गाडी खरोखर गाठता येणार असेल तरच शनिवार लिहा.